पौषातल्या एकवीस फांद्या

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, आटपाडीच्या एका लहानशा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापलेल्या प्रत्येक पत्रकाची एक प्रत घडी करून खिशात घालायची आणि घरी आणायची, ही त्यांची रीत होती. मोर्चाची पत्रकं, जयंतीची, पाण्याच्या मेळाव्याची, निवडणुकीतल्या दोन्ही बाजूंची, आणि एकदा तर कुणाच्या तरी हरवलेल्या म्हशीचं. चिकणमाती आणि गव्हाच्या पिठाची खळ करून अण्णा ती भिंतीवर डकवत. आमच्या खोलीला चुना कधी लागला नाही, पण मोकळी वीतभर जागाही कुठं नव्हती. चुलीपाशी धुरानं काळा पडलेला एक जाहीर निषेध होता. भाकरी थापताना आई त्याच्याकडं पाठ करून बसायची. या भिंतींमुळं मला कितीतरी वर्षं वाटत होतं की लिहिणं म्हणजे मागणं. ज्या वाक्याच्या शेवटी ‘झालेच पाहिजे’ नाही, ते मला अर्धवट वाटायचं. आता केस पिकले तरी ती खोड पुरती गेलेली नाही. परवा नातीच्या शाळेला रजेचा अर्ज लिहून दिला तर ती म्हणाली, आजी, हा अर्ज आहे की इशारा?

आईचं जग भिंतीच्या अलीकडं होतं. पहाटे घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज, मग भाकरीचा, मग तव्यावर लसूण पडल्याचा. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि कोरड्यास. पण शिमगा झाला की हे आवाज दोन महिने बंद व्हायचे. आमच्या वस्तीतल्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तासगावला बेदाण्याच्या शेडवर कामाला जायच्या, त्यात आई असायची. तिथं द्राक्षं जाळीवर पसरायची, उलटायची, निवडायची, आणि बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून गंधकाची धुरी द्यायची. ती परत यायची तेव्हा तिच्या लुगड्याला गंधकाचा वास असायचा आणि गाठोड्यात काळपट, चेंगरलेला बेदाणा असायचा, जो व्यापारी घेत नसत. आम्ही तो भाकरीबरोबर खायचो आणि आई खोकायची. आषाढापर्यंत तो खोकला टिकायचा. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि हातानं खूण करायची, थांब, येतं वाक्य.

फळबागेच्या योजनेची बातमीही आमच्या घरी पत्रकातूनच आली. एक दिवस अण्णांनी छापखान्यातून सरकारी पत्रक आणलं आणि चहा प्यायच्या आधी उभ्यानं वाचलं. लहान शेतकऱ्यानं आपल्या रानात फळझाडं लावायची. खड्डे, रोपं, खत, आणि तीन वर्षं त्या झाडांवर राबल्याची मजुरी सरकार देणार. रोजगार हमीच्या कामासारखं, फक्त खडी फोडायच्या ऐवजी स्वतःच्या रानात. आमच्याकडं माळाची अडीच एकर होती, जिच्यात कुसळं आणि मुरूम पिकायचा. शेजारच्या रानाचे तुका नाना वाचन ऐकायला उंबऱ्यावर बसले होते. नाना माझ्या आजोबांच्या वयाचे, तोंडानं तिखट.

“आपल्याच रानात आपुनच खड्डं काढायचं, आन मजुरी सरकार देणार?” नाना माझ्याकडं बघत म्हणाले. “सरकारला याड लागलंय, न्हाईतर तुज्या बापानं खिळं उलटं लावल्यात.”

“हे उपकार न्हाईत, नाना,” अण्णा म्हणाले. “इतकी वर्सं सरकारनं कालव्याचा पैका खाली नदीकाठाला घातला. आपल्या माळाचा वाटा आता कुटं निगालाय.”

आई भाकरी उलटत म्हणाली, “वाट्याचं ऱ्हाऊ द्या. माजं तासगाव सुटंल का, येवडं बगून सांगा त्या कागदात.”

अण्णांनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. तसं त्यात लिहिलेलं नव्हतं. पण हिशेब मनात सगळ्यांनीच केला, आणि तो जुळत होता. आपल्याच रानात मजुरी मिळाली तर शेडवर जायचं कशाला?

मी पुढं शहरात भाषणं करत हिंडले तेव्हा चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी मला विचारलं आहे की शेतकऱ्याला फुकट देऊन तुम्ही सवय नाही का लावली? त्यांना मी एकच सांगते. जेठातल्या उन्हात मुरुमात दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा काढा. एक. मग आपण फुकट या शब्दावर बोलू. आईनं आणि अण्णांनी असे दोनशे काढले. अण्णा रविवारी, आई रोज. पहार दगडावर ठण् वाजायची आणि मातीत गेली की आवाज एकदम मुका व्हायचा; त्या मुक्या आवाजाला आई “लागली” म्हणायची. श्रावणात डाळिंबाची रोपं आली, बोटभर जाडीची, काळ्या पिशवीतली. आईनं प्रत्येक रोप लावताना पिशवी फाडून घडी घालून ठेवली. उगाच कशाला फेकायची, म्हणाली.

त्या वर्षी परतीच्या पावसानं तोंड दाखवलं नाही. दिवाळीपर्यंत ओळीतली रोपं एक एक करून वाळली. ज्या झऱ्यावरून आई पाणी आणायची तो वाटीवाटीनं भरायला लागला. योजनेचा नियम साधा होता: वर्षाकाठी साहेब येऊन झाडं मोजणार, चारातली तीन जगलेली असली तर पुढच्या वर्षाची मजुरी, नाहीतर बाग रद्द. म्हणजे आमची दीडशे जगायला हवी होती. आईनं मोजली तेव्हा एकशे अडतीस होती.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आटपाडीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते, सकाळच्या एसटीनं जायचे, दुपारी छापखान्यात अण्णांबरोबर प्रूफं तपासायचे आणि संध्याकाळी परत. बाग गावापासून मैलभर, माळावर. पौष आणि माघ असे दोन महिने मी तिथं पाय ठेवला नव्हता. याची लाज मला आजही वाटते, कारण त्याच दिवसांत मी बागांवर पत्रक लिहिलं.

ठिणगी पडली ती संध्याकाळी परतीच्या एसटीत. तुका नाना भिंगेवाडीच्या बाजूनं गाडीत चढले, खांद्यावर डाळिंबाच्या हिरव्या फांद्यांचा हा एवढा भारा. कंडक्टर वैतागला.

“काय हो नाना, शेळ्यांना का?”

“न्हाई रं गड्या. सायबाला.”

सगळी गाडी हसली. मग नानांनी अगदी मोकळेपणानं सांगितलं. मोजणीचा साहेब बांधावरनं बघतो, आत शिरत नाही. वाळलेलं रोप उपटायचं, खड्ड्यात हिरवी फांदी रोवायची, माती थापायची. बांधावरनं काय, रोप आणि फांदी एकच. साहेबाची तारीख आली की सगळं गाव फांद्या रोवतं. कुणी चुलत्याच्या बागेतून आणतं, कुणी पाव्हण्याच्या. “पर हा सायेब लय हुशार. आज येतो, उद्या येतो म्हणतो आन येतच न्हाई. त्याला टँकरच्या फेऱ्या मोजाय बशिवलाय म्हणं. तवर माज्या फांद्या वाळत्यात. ही तिसरी खेप हाय.”

गाडी पुन्हा हसली. मी हसले नाही. गरिबाला पहिल्यांदा काहीतरी मिळालं, आणि गरीबच त्याचं नाटक करतोय. उद्या हेच बोट दाखवून योजना बंद करतील. दुसऱ्याच दिवशी दुपारी छापखान्यात बसून मी लिहिलं: ‘हिरव्या फांद्यांचा जाहीर पंचनामा’. नाव कुणाचं घातलं नाही. मागणी एकच: साहेबानं बांध ओलांडावा, प्रत्येक झाडाला हात लावून ओढून बघावं, खरं झाड कुणाचं आणि खोटं कुणाचं ते गावासमोर यावं. झालेच पाहिजे. अण्णांनी वाचलं, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि खिळे जुळवायला घेतले. शेवटची ओळ जुळवताना त्यांचा चेहरा फुलला होता, हे मी स्वतः बघितलं आहे.

आठवडी बाजारात मी ती पत्रकं वाटली. मेंढ्यांच्या बाजारात वाटली, भाजीच्या ओळीत वाटली, आणि एक प्रत साहेबाच्या कचेरीच्या दारात देऊन आले. दुपारच्या गाडीनं घरी आले तेव्हा आई ओट्यावर सुपात हुलगे निवडत होती. तिला वाचता येई, पण सावकाश. म्हणून माझं नवं काही छापलं की मी तिला वाचून दाखवायचे. उभं राहून, सभेतल्यासारखं वाचलं. आईचा हात सुपात थांबला.

“त्ये फांद्याचं परत वाच.”

मी परत वाचलं.

“वडून बगावं, असं लिवलंयस?”

“व्हय.”

“बरं केलंस.” तिनं हुलगे एकदा पाखडले. “आपल्यातबी हायत्या. एकवीस.”

ती सुपाकडं बघत बोलत राहिली. बारा कमी पडत होती. पौषात, पहिली तारीख निघाली तेव्हा, तिनं नानांच्याच भाऱ्यातल्या फांद्या मागून घेतल्या, नऊ जास्तीच्या, एखादी वाळली तर असाव्यात म्हणून. नंतर साहेब आला नाही. नानांना ओळखीपाळखीत बागा होत्या, ते दर खेपेला ताज्या फांद्या आणायचे. आईला दुसऱ्यांदा मागायचा संकोच वाटला. मग लावलेल्याच हिरव्या ठेवायच्या तर पाणी घालणं आलं. “एक दिसाआड तांब्या तांब्या घालत आले. आज येतो, उद्या येतो, करत दोन महिनं झालं.”

“मग चल आत्ताच,” मी म्हणाले. “साहेब यायच्या आत उपटून टाकू.”

“न्हाई.”

“आई, उद्या लोक मला काय म्हणतील? पत्रक लिहिणारीच्याच घरात...”

“हिरवं हाय त्ये, शैले. माजा हात वळायचा न्हाई.” मग ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाली, “तू छापून सांगितलंस. मी तोंडानं सांगीन. सायेब येऊ दे.”

संध्याकाळी अण्णा आले. त्यांना सगळं सांगितलं. ते टोपी मांडीवर ठेवून बसले. ज्या योजनेला ते माळाचा वाटा म्हणाले होते ती त्यांच्याच बायकोच्या नावची बाग रद्द करणार होती, आणि त्याला कारण झालेला पत्रकाचा मजकूर त्यांनीच एक एक खिळा उचलून जुळवला होता. “मजकूर खोटा हाय का?” त्यांनी शेवटी मला विचारलं. मी नाही म्हणाले. “मग बदलायचा न्हाई,” ते म्हणाले आणि टोपी परत डोक्यावर घातली. आई आत गेली आणि तासगावला न्यायचं गाठोडं बांधायला लागली. शिमग्याला आठ दिवस राहिले होते.

साहेब बुधवारी आला. कऱ्हाडकडचा तरुण मुलगा होता, उन्हानं रापलेला, मोटरसायकलवर. त्याच्या खिशातून माझं पत्रक डोकावत होतं. बांधावर निम्मं गाव जमलं होतं. तो आधी नानांच्या रानाकडं गेला, आणि त्यानं बांध ओलांडला. पहिलं झाड ओढलं, आलं हातात. दुसरं आलं. मुळा उपटावा तशा फांद्या येत गेल्या, आणि त्यांची खालची टोकं चाकूनं कापलेली, पांढरी, कोरडी. कुणी हसलं नाही. नाना डोक्यावरचा पटका सारखा करत माझ्याजवळ आले.

“शैले, नाव का न्हाई घातलंस गं पत्रकात? ह्या वयात येकदा तरी छापून आलो आस्तो.”

मला वर बघवलं नाही. ज्यांच्या भाऱ्यातून आमच्या फांद्या आल्या होत्या ते माझ्यामुळं गावासमोर उघडे पडले होते, आणि आमच्या फांद्यांबद्दल त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

मग साहेब आमच्या रानाकडं वळला. आई बांधावर आडवी उभी राहिली. “सायेब, थांबा वाईच. ह्यातली एकवीस झाडं न्हाईत. फांद्या हायत्या. मी दावते, तुमी उगं समदी हलवू नगासा.” आणि ती पुढं चालायला लागली. तिला प्रत्येक जागा पाठ होती. ही एक. ही दुसरी. मी मागून चालत होते, आणि मला तिच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं.

साहेबानं पहिली ओढली. आली, टोक काळं पडलेलं होतं. दुसरीला हात घातला, ओढली. आली नाही. त्यानं पाय रोवून जरा जोरानं ओढली. फांदी वाकली, पण जागची हलली नाही. तो गुडघ्यावर बसला, बोटानं बुडाची माती उकरली, आणि तसाच बसून राहिला. मी वाकून बघितलं. कापलेल्या टोकाभोवती पांढरी मुळं फुटली होती, शेवयांसारखी बारीक, आणि ती मातीत घट्ट शिरली होती. वर डोळ्यातून तांबूस पालवी आली होती. ती आईनं आधीच बघितली होती, पण कापल्या फांदीतला रस असेल, दोन दिवसांचा, असं तिला वाटलं होतं. डाळिंब आमच्या गावाला नवं होतं. बाभळीचं आणि बोराचं आम्हाला सगळं कळायचं. डाळिंबाची फांदी जगते हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“पाणी किती घालत होता?” साहेबानं विचारलं.

“तांब्याभर. एक दिसाआड.”

“आमच्याकडं छाट कलमं अशीच करतात, मावशी. थंडीतच.” आणि तो पुढच्या फांदीला हात घालणार, तेवढ्यात आईनं त्याचं मनगट धरलं. घटकाभरापूर्वी हीच बाई ही झाडं नाहीत म्हणून सांगत होती.

“वडू नगा, सायेब. तुटंल. कवळं हाय.”

त्यानं ओढलं नाही. प्रत्येक ठिकाणी बसून माती उकरली, बघितलं, आणि पुन्हा लोटून दिली. एकविसातल्या सात मेल्या होत्या. चौदा जगल्या होत्या. बांधावरचं गाव मनातल्या मनात बेरीज करत होतं, मीही करत होते. एकशे बावन्न. साहेबानं तक्ता मांडीवर घेतला आणि पेन हातात धरून थांबला. तेव्हा माझ्यातली पत्रकवाली गप्प बसेना. मी म्हणाले, “पण साहेब, ह्या फसवायला लावल्या होत्या.” अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं की आजही आठवतं.

“तक्त्यात दोनच रकाने आहेत, ताई,” तो म्हणाला. “जिवंत आणि मेलेलं. कशाला लावलं, असा रकाना नाही.” आणि त्यानं लिहिलं.

त्या वाक्यावर मी पुढं कितीतरी वर्षं विचार केला. नियमाच्या बाजूनं तो चुकला असं म्हणणारे मला भेटले, आणि त्यांचं म्हणणं मला खोडून काढता आलेलं नाही. मला एवढंच सांगता येतं की आई खरं बोलली तेव्हा त्या फांद्यांना मुळं आहेत हे तिला माहीत नव्हतं. ती बाग पुढं बारा वर्षं फळली. मग डाळिंबांवर तेल्या रोग आला, साऱ्या तालुक्यातल्या बागा गेल्या, आमचीही गेली. आता तिथं माझा भाऊ सीताफळ करतो. अनुदान आता फोनवर टुणकन वाजून येतं. कधी येतं, कधी नाही. मी त्यावर अजून पत्रकं लिहिते, पण लिहायच्या आधी रानात जाऊन येते.

नानांची बाग त्या वर्षी रद्द झाली. चार दिवस ते आमच्या ओट्यावर आले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी आले, उंबऱ्यावर टेकले आणि माझ्याकडं न बघता आईला म्हणाले, “तारे, तांब्या कुटला गं तुजा? ल्हान का मोटा?” आईनं तांब्या आणून दाखवला. नानांनी तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला. “येवड्यात जगली? आन मी तीन तीन भारं वाहिलं.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “आता लिव की येक पत्रक. नाव माजंच घाल. तुका नानाची बाग परत धरा म्हणावं, झालीच पायजे.” मी त्याच दिवशी अर्ज लिहिला, साध्या भाषेत, एकही इशारा न देता. तो मंजूर व्हायला दीड वर्ष लागलं. पण थंडी आली तशा नानांनी फांद्या लावल्या, उघड, भर दुपारी, आणि आई त्यांना किती पाणी ते बांधावरून ओरडून सांगत होती.

पण ते नंतरचं. त्या वर्षी शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी तासगावचा ट्रॅक्टर आला आणि माळाच्या रस्त्यावर थांबला, कारण मुकादमाला आई रानात दिसली. ट्रॉलीत वस्तीतल्या बाया गाठोडी घेऊन बसल्या होत्या. मी त्या दिवशी कॉलेजला गेले नव्हते, आईबरोबर पाणी वाहत होते. मुकादमानं हॉर्न वाजवला. आईनं मान वर केली नाही, ओळीतल्या झाडाला पाणी घालणं संपवलं, मग उभी राहिली.

“तारावैनी, चला की. तुमच्यासाटनं जागा ठिवलीया.”

“जावा तुमी म्होरं.”

“का वं? येत न्हाई व्हय औंदा?”

मी तिच्याकडं बघत होते. जन्मात कधी तिनं कुठल्या मुकादमाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि तिला कसं म्हणायचं ते सापडत नव्हतं. तिनं पदरानं हात पुसले. खोकल्याची उबळ येते की काय असं मला क्षणभर वाटलं, पण तो नुसता घसा साफ केल्याचा आवाज होता.

“घरचं काम हाय,” ती म्हणाली, आणि घागर उचलून पुढच्या झाडाकडं गेली.